नदीपलीकडचा भाव

परराज्यात राहायला जायच्या गोष्टी पुणतांब्यात आमच्या घरमालकांशिवाय कोणी करत नव्हतं, आणि आमचे घरमालक त्याशिवाय दुसरी गोष्ट करत नव्हते.

परराज्य म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. गोदावरी ओलांडली की लागलंच. अलीकडे इंग्रजी हद्द, पलीकडे निजामाची. तिला सगळे मोगलाई म्हणत. अलीकडे कलदार रुपया चाले, पलीकडे हाली. सात हालीचे सहा कलदार. वाळवंटात दोन्ही तीरांवरच्या म्हशी एकाच डोहात डुंबत असत, पण माणसाने शेरभर साखर घेऊन पलीकडे जायचं म्हटलं की मधे निजामाचा करोडगिरीचा नाका. तिथे गाठोडं सोडून दाखवायचं आणि महसूल भरायचा.

हे दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतलं सांगते आहे. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. ह्यांची बदली नगरहून पुणतांब्याच्या स्टेशनात झाली आणि आम्ही एका निवृत्त शाळामास्तरांच्या घरात एक खोली आणि पडवी भाड्याने घेतली. सगळं गाव त्यांना नाना म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. उंच, काटकुळे, डोक्याला काळी टोपी, काखेत बारा महिने छत्री, आणि खांद्याला एक पिशवी. त्या पिशवीत धान्य मोजायचं लोखंडी शेराचं माप असे. माणसं घराबाहेर पडताना किल्ली घेतात तसं ते माप घेऊन बाहेर पडत.

साखरेला रांग, रॉकेलला रांग, असे ते दिवस होते. भावाबद्दल कुरकुर सगळेच करत. पण नाना कुरकुर करत नसत, ते ताडून बघत. समोरून बाई भाजीची टोपली घेऊन आली की रामराम नाही, बरं आहे का नाही, सरळ, "केवढ्याला घेतली?" आणि तिने सांगितलं की डोळे मिटून पुटपुटणार, त्रैराशिक मांडणार आणि म्हणणार, "पलीकडं ह्योच वाटा हालीनं घेतला असता तर तुला एक कांदा जास्त आला असता." आता तो एक कांदा आणायला नदी ओलांडून कोण जाणार? पण ती बाई उगाचच दिवसभर हळहळत राही. गावातल्या निम्म्या बायका नाना दिसले की पदराखाली टोपली झाकत.

घराच्या भाड्यालाही हाच न्याय. पहिल्या महिन्यात मी भाडं द्यायला गेले तर त्यांनी त्यातले चार आणे परत केले. म्हणाले, "पलीकडं खोल्या स्वस्त झाल्यात, सूनबाई. तुमच्याकडनं जास्त घेनं बरं न्हाई." मी मनात म्हटलं, असा देवमाणूस घरमालक पूर्वपुण्याईनेच मिळतो. दुसऱ्या महिन्यात पलीकडे भाडी वाढली, आणि देवमाणसाने सहा आणे वाढवून मागितले. हे म्हणाले, "आता निजामाला अर्ज करायचा का?" त्यानंतर आमच्या घरी मोगलाईतल्या भाड्यांबद्दल जितकी काळजी असे तितकी कदाचित हैदराबादेतही नसेल.

पलीकडच्या बाजारात नानांचा पाय पडला की दुकानदार कपाळाला हात लावत. धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजतात. जगाची रीत आहे. पण नाना अडवायचे. "लाभ म्हंजे किती? आकडा बोला." दुकानदार म्हणायचा, "मास्तर, लाभ म्हंजे एकच की." "मंग एक म्हना." "एक म्हनलं तर बरकत जाते." "बरकत कुनाची, तुमची का माजी?" मग पिशवीतून आपलं माप बाहेर काढायचे. दुकानदाराने त्यावर शीग लावली, म्हणजे वर टोक येईल असं धान्य ओतलं, की नाना ती शीग तळहाताने सपाट करून खाली पाडायचे. फुकट जास्त मिळालेलं धान्य परत करणारं गिऱ्हाईक त्या दुकानदारांनी जन्मात बघितलं नव्हतं. "मला जास्त नको, बरुबर पायजे," नाना म्हणत. "शिगंनं हिशेब बिगडतो."

पण त्यांचा कळस म्हणजे दाढी. धान्याचं, तेलाचं, पानसुपारीचं ताडून झालं. राहिला न्हावी. हा काही मापात बसेना. भाव दोन्हीकडे विचारता येतो, पण हात कसा मोजणार? तेव्हा एका सकाळी नानांनी पुणतांब्यात डाव्या गालाची दाढी केली आणि उजवा गाल तसाच ठेवून नदीकडे निघाले. मी पडवीत तांदूळ निवडत होते, ते जाताना मला त्यांची डावी बाजूच दिसली, म्हणून मला काही वाटलं नाही. पण रस्त्याच्या पलीकडच्या घरातली बाई हातातली बादली टाकून आत पळाली.

नाक्यावर एक म्हातारे जमादार असत. मोठे गमत्ये. नानांचं आणि त्यांचं दर बाजाराला वाजायचं आणि दर बाजाराला जुळायचं. त्यांनी नानांना खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, महसूल द्यावा लागेल. एक गाल तयार माल दिसतो, दुसरा कच्चा. दोन्हीचा दर वेगळा." नाना म्हणाले, "कच्चा माल मी हितंच तयार करून घेनार हाय. तुमच्याच राज्याचा धंदा वाढतो." जमादारांनी हसत हसत सोडलं. खरा घोटाळा पुढे झाला. पलीकडचा न्हावी अर्धी दाढी करायला तयार, पण पैसे पुऱ्या दाढीचे मागू लागला. "अर्ध्या दाढीचा भाव न्हाई आमच्यात. वस्तरा काढला की पुरे पैशे." अलीकडच्या न्हाव्याने मात्र निम्मे घेतले होते. दोघांची तुलना होईना. नाना उजव्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत त्याच्याशी तासभर वाद घालत बसले, साबण वाळून पापुद्रे धरले, बाजार बघायला जमला. शेवटी पैसे भरले, पण ही तुलना रद्द धरली. पुढे कितीतरी दिवस ते म्हणत, "न्हाव्याचं कोडं काय सुटलं न्हाई मला."

आता कोणी विचारील, एवढ्या उठाठेवी कशासाठी? तेही सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नानांची बायको वारली होती आणि एकुलती एक लेक पलीकडे, नाक्यापासून कोसभरावरच्या बाजाराच्या गावी दिली होती. जावयाचं किराणा मालाचं दुकान. माणूस शांत, भला. लेक दर वेळी सांगे, नाना, आता एकटे राहू नका, इकडे या. नानांनाही जायचं होतं. अंधार पडला की ओट्यावर बसून नदीकडे बघत राहत, ते काही डाळीच्या भावासाठी नव्हे.

पण मधे एक रीत आडवी पडली होती. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खाऊ नये, पाणीसुद्धा पिऊ नये. पुष्कळ घरी पाळतात, आमच्या माहेरीही पाळत. बहुतेकांचं वर्षा-दोन वर्षांत सुटतं. नानांच्या लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. तेव्हा जायचं तर स्वतःची वेगळी खोली घ्यायची, स्वतःची चूल मांडायची, स्वतःचं दाणापाणी भरायचं. पेन्शनीत ते भागेल का? भागेल असं ठरलं की जायचं. म्हणून ही सगळी तुलना. आणि ते कधी ठरत नसे. डाळ जुळली की तेल अडे, तेल जुळलं की लाकूड अडे. एकदा सगळंच जुळत आलं होतं तर काड्यापेटी महागली. हे म्हणत, "मास्तरांना उत्तर नकोच आहे. उत्तर आलं तर उठावं लागेल." मला तेव्हा ह्यांचा राग आला होता. पण बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं.

एका उन्हाळ्यात नानांनी शेवटची परीक्षा घ्यायचं ठरवलं. भाव पुष्कळ झाले, आता चव बघायची. स्वस्त डाळ बेचव निघाली तर ती स्वस्त कसली? एकाच वेळी, एकाच हाताने दोन स्वैपाक करायचे. एक अलीकडच्या जिनसांचा, एक पलीकडच्या. आमटी, बाजरीची भाकरी आणि गुळाचा खडा. हात लेकीचा. आणि चव सांगायला मी.

"माजी जीभ मेलीय सूनबाई, रांडव्या मानसाच्या हातचं खाऊन खाऊन. तुमची नगरची जीभ हाय. तुमी चला."

मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "जा की. भाडं कमी होतंय का बघ."

नदीला पाणी गुडघाभर होतं. मी लुगडं खोचून चालले होते, पुढे नाना छत्री उघडून. मधोमध आल्यावर थांबले आणि पिशवीतून फिरकीचा तांब्या काढून पाण्यात बुडवला. मी म्हटलं, "नाना, काठावर भरला असता की." म्हणाले, "हितलं पानी ना हिकडचं ना तिकडचं. स्वैपाकाला बी हेच, प्यायला बी हेच." म्हणजे लेकीच्या घरचं पाणी नको, एवढाच त्याचा अर्थ.

नाक्यावर जमादारांनी गाठोडं सोडायला लावलं. आत पीठ, डाळ, मिरच्या, तेलाची बुधली आणि देवळालीच्या गुळाची ढेप, असा अलीकडचा माल होता.

"हे काय मास्तर?"

"उदाहरन हाय."

"केवढ्याचं?"

"दोन मानसांच्या पोटापुरतं."

"मग पोटात घालून आणायचं होतं. पोटावर महसूल नाही." आणि गाठ त्यांनी स्वतः बांधून दिली.

गावात शिरल्यावर मी पाहिलं ते अजून डोळ्यासमोर आहे. जावयाच्या किराणा दुकानावरून, जावई "या नाना" म्हणत उभा असताना, नाना हात वर करून तसेच पुढे गेले आणि समोरच्या दुकानात शिरले. जावई पैसे घेणार नाही आणि फुकटचं चालणार नाही, म्हणून पलीकडची डाळ, पीठ, तेल, गूळ, सगळं त्याच्या वैऱ्याकडून. लाकडाची मोळीही बाजारातून विकत आणली. जावई दुकानाच्या पायरीवर उभा राहून सगळं बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती सवय होती.

लेक माझ्याएवढीच असेल, थोडी मोठी. हसरी, चपळ. अंगणात दोन चुली मांडून तयारच होती. "या ताई," म्हणाली, "तुमाला बी वढून आनलं का परीक्षेला?" नाना बाजेवर बसले आणि तिथून हुकूम सोडू लागले. ह्या चुलीचं लाकूड त्या चुलीत जाऊ देऊ नको. पळी दोन घे. हात धुऊन दुसऱ्या पिठाला हात लाव, आपल्या तांब्यातल्या पाण्यानं. लेक "व्हय नाना, व्हय नाना" करत होती आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. एकदा तर तिने मुद्दाम दोन्ही आमट्यांत एकच पळी घातल्यासारखं केलं, तेव्हा नाना बाजेवरून अर्धे उठले आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

शेजारणी कुडावरून डोकावत होत्या. एकजण म्हणाली, "आला का गं बाप पानी घेऊन?" ती हसूनच म्हणाली, पण लेकीचं हसू त्या वाक्यापाशी थांबलं. ती भाकरी थापत राहिली, जरा जोराने.

पानं मांडली. नानांना, मला दोन-दोन वाट्या. जावई दारात टेकून उभा. नानांनी एक वाटी चाखली, मग दुसरी, डोळे मिटले. मी चाखली. खरं सांगायचं तर पलीकडची डाळ जरा मऊ शिजली होती, आणि आपला देवळालीचा गूळ सरस होता. बाकी दोन्ही आमट्या अप्रतिम, कारण हात एकच. मी तसं सांगितलं. नाना खूश झाले. चार घास गेले, पाच गेले. आणि माझ्या जिभेला चव होती तेवढाच लगाम कमी होता. मला आपलं वाटलं, परीक्षा म्हणजे सगळं नीट झालं पाहिजे. मी विचारलं, "नाना, मीठ कुठलं हो? इकडचं का तिकडचं?"

नानांचा घास हातातच राहिला.

गाठोड्यात मीठ नव्हतं. समोरच्या दुकानातूनही मीठ घेतलं नव्हतं. शीग पाडणारा, नदीच्या मधलं पाणी भरणारा माणूस मीठ विसरला होता. सगळ्या आयुष्याची तुलना केली त्यांनी, पण मिठाचा भाव त्यांनी कधी विचारलाच नव्हता, मलाही तो आठवत नाही. मीठ कोण धरतं हिशेबात?

"मीठ कुठलं गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"आपल्या दुकानातलं," लेक म्हणाली.

नानांनी घास पानात ठेवला. हात तसाच अधांतरी. जावई हलक्या आवाजात म्हणाला, "नाना, मिठाचं काय एवढं." नाना खिशाकडे हात नेऊ लागले, तेव्हा मात्र लेक पुढे आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

"पैशे काडू नका. मिठाचे पैशे घेत न्हाईत बापाकडनं. नाना, तुमाला एक सांगू? तुमी दर बाजाराला येता. माज्या अंगनात बसून आपल्या तांब्यातलं पानी पिता. येनारा जानारा बघतो. माजी सासू हयात हुती तवर कधी बोलली न्हाई, हे तर बोलतच न्हाईत. पन तुमी दर बाजाराला येऊन अख्ख्या गावाला सांगून जाता, की माज्या पोरीला पोर न्हाई. इसरलेलं मानूस बी इसरत न्हाई मंग."

कुडावरची डोकी हळूच खाली गेली. मला वाटलं, नाना आता उठतील, छत्री उचलतील आणि नदीकडे चालू लागतील, आणि मला त्यांच्या मागे धावावं लागेल. मला रडू येत होतं आणि कोणाची बाजू घ्यावी ते कळत नव्हतं. लेकीची, हे आता कळतं. पण त्या वेळी त्या उंच म्हाताऱ्याकडे बघवत नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. आपण तिचा मान राखतो आहोत, तिच्या घरावर भार टाकत नाही, अशीच त्याची समजूत होती.

नानांनी पानाभोवती सांडलेले भाकरीचे कण वेचून पानात टाकले. मग म्हणाले, "मला हे कुनी सांगितलं न्हाई."

"तुमी भावाबिगर कुनाला काय इचारलं का कधी?"

ह्यावर जावयाला हसू फुटलं. त्याने तोंडावर हात घेतला, पण उशीर झाला होता. मग मला फुटलं. आणि मग नानांच्या मिशा हलल्या. त्यांनी पान लेकीकडे सरकवलं.

"आमटी वाढ."

"हिकडची का तिकडची?"

"कोनची बी. आन पानी दे. तुज्या माठातलं."

लेक उठून आत गेली ती लवकर बाहेर येईना. जावईच पाणी घेऊन आला. नाना ते गटागटा प्यायले आणि रिकामं भांडं पुन्हा पुढे केलं. कुडापलीकडून त्याच शेजारणीचा आवाज आला, "अगं बया, प्याला गं!" आणि त्या गावातून ती बातमी आमच्या परतीच्या आधी नाक्यापर्यंत पोचली असावी, कारण जमादारांनी आमचं गाठोडं सोडलंच नाही. नुसते उभे राहिले आणि नानांना सलाम केला.

परत येताना नाना छत्री मिटून पुढे चालले होते. नदी ओलांडल्यावर म्हणाले, "एकूनात बगितलं तर तिकडं महाग पडतं, सूनबाई. लाकूड लई महाग हाय."

मी म्हटलं, "मग?"

"मंग काय. जातो."

आणि दिवाळीच्या आत गेले. वेगळी खोली नाही, वेगळी चूल नाही, लेकीच्याच घरी. गावाला खरं वाटेना. ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्यांना हिशेब शिकवले, तो महाग पडतं म्हणून सांगत सांगत बैलगाडीत बसला. घर आमच्याकडेच राहिलं. जाताना भाड्याचं बोलायला मी दारात उभी राहिले, तर म्हणाले, "द्या जे देत हुता ते," आणि गाडीवानाला म्हणाले, "चल रे." मोगलाईतल्या खोल्यांचा भाव त्या दिवशी काय होता ते आम्हाला कळलंच नाही.

ह्यांची बदली व्हायच्या आधी एकदा मी त्यांना भेटायला गेले. बाजाराचाच दिवस होता. नाना जावयाच्या दुकानाच्या पायरीवर सावलीला बसले होते. अंगाने जरा भरले होते. दोन्ही गाल गुळगुळीत. मला बघून आनंदाने उठले, लेकीला हाक मारली, पाणी मागवलं. मला घरी न्यायला डाळ घ्यायची होती, आणि एवढा मोठा जाणकार समोर असताना दुसऱ्या कोणाला कशाला विचारू? म्हटलं, "नाना, तुरीची डाळ हल्ली केवढ्याला आहे हो इथे?"

नाना माझ्याकडे बघतच राहिले. डोकं खाजवलं. आत दुकानाकडे वळून पाहिलं, पण जावई गिऱ्हाइकात होता.

"मला काय ठावं, सूनबाई?" ते म्हणाले. "पोरगी वाढती, मी जेवतो."